पेन्सिलीने तारलेले गाणे : एका विद्यार्थ्याचा प्रयोग आणि ‘टेक ऑन मी’ची चित्रफीत

#थ्रेड #इतिहास

१/ इ.स. १९८४. लंडनमध्ये नशीब आजमावायला आलेल्या तीन नॉर्वेजियन तरुणांचे एक गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये ते फारसे कोणाच्या कानीही पडले नाही. पुढच्या वर्षी ते नव्याने ध्वनिमुद्रित करून पुन्हा बाजारात आणले गेले; ब्रिटनमध्ये तेव्हाही तेच झाले. मात्र १९ ऑक्टोबर १९८५ च्या अमेरिकन बिलबोर्ड यादीत हेच गाणे पहिल्या क्रमांकावर होते. मधल्या काही महिन्यांत काय घडले, याचा माग काढत गेले की वाट एका कलासंस्थेतील विद्यार्थ्याच्या पेन्सिलीपाशी पोहोचते.

२/ गाण्याचे नाव ‘टेक ऑन मी’ आणि वाद्यवृंदाचे नाव ‘आ-हा’. या गाण्याची चित्रफीत आज जगप्रसिद्ध आहे. चित्रफितीच्या इतिहासात सहसा कॅमेऱ्यापुढे काय घडले ते सांगितले जाते. येथे मात्र कॅमेरा सुरू होण्याआधीच्या आणि बंद झाल्यानंतरच्या कामाचा, म्हणजे संशोधनाचा आणि नियोजनाचा इतिहास पाहायचा आहे. महाविद्यालयातून म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प करणाऱ्या आजच्या मुलांना जे काम सर्वांत कंटाळवाणे वाटते, नेमके तेच येथे निर्णायक ठरले.

३/ प्रथम गाण्याची जन्मकथा. पॉल वॉकटार आणि मॅग्ने फुरुहोल्मेन हे ऑस्लोचे दोन मित्र ‘ब्रिजेस’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवत असत. गाण्याची मूळ सुरावट त्या काळातली. १९८२ मध्ये मॉर्टन हार्केट हा गायक त्यांना मिळाला आणि ‘आ-हा’ची स्थापना झाली. सुरावट तीच राहिली, पण तिला आधी ‘लेसन वन’ असे नाव होते. शब्द बदलले, मांडणी बदलली. हार्केटचा आवाज सुमारे अडीच सप्तकांत फिरतो आणि ध्रुपदाच्या शेवटी थेट वरच्या टोकाला जाऊन भिडतो. गाण्यात एक संकोची आर्जव आहे : मला स्वीकार, वेळ थोडा आहे, एवढाच त्याचा गाभा.

४/ आता काळाची पार्श्वभूमी. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली. चोवीस तास केवळ गाण्यांच्या चित्रफिती दाखवायच्या, ही कल्पना. पहिली चित्रफीत होती ‘बगल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची, ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. वाहिनीची भूक मोठी होती आणि तयार माल थोडा. त्यामुळे ज्यांच्याकडे चित्रफिती होत्या, अशा ब्रिटिश आणि युरोपीय कलावंतांना अमेरिकन घराघरांत अनपेक्षित प्रवेश मिळाला.

५/ चित्रफिती त्याआधीही होत्याच. १९७५ मध्ये ‘क्वीन’च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी ब्रूस गावर्स यांनी अवघ्या काही तासांत चित्रण उरकले होते. वाद्यवृंद दौऱ्यावर असताना दूरचित्रवाणीवर आपल्या जागी दाखवता येईल अशी एक फीत हवी, एवढीच तेव्हाची व्यावहारिक गरज होती. एमटीव्ही आल्यावर गरजेचे स्वरूप पालटले. आता चित्रफीत हीच गाण्याची पहिली ओळख होऊ लागली. रेडिओवर ऐकण्याआधी गाणे डोळ्यांनी भेटू लागले.

६/ ‘टेक ऑन मी’ची पहिली चित्रफीत या नव्या काळात जुन्या पद्धतीने केलेली होती. साध्या रंगीत पार्श्वभूमीपुढे तीन देखणे तरुण गात-वाजवत आहेत, एवढेच तिच्यात दिसते. तिच्यात चूक अशी काही नाही. फक्त ती कोणत्याही गाण्याला चालली असती. हेच गाणे, हाच आवाज, हीच आर्जव का, या प्रश्नाचा विचार तिच्यामागे दिसत नाही. गाणे नॉर्वेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. बाहेर त्याची दखल घेतली गेली नाही.

७/ वॉर्नर ब्रदर्स या ध्वनिमुद्रण कंपनीने तरीही हार मानली नाही. निर्माता ॲलन टार्नी यांच्याकडून गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून घेण्यात आले. कंपनीच्या सर्जनशील विभागाची धुरा वाहणारे जेफ आयरॉफ यांच्या मते या गाण्याला आणि या चेहऱ्यांना काही वेगळेच दृश्यरूप हवे होते. तेव्हा त्यांना आठवली एक छोटी ॲनिमेशन फिल्म. नाव ‘कम्यूटर’, म्हणजे कामासाठी रोज ये-जा करणारा. वर्ष १९८१. कर्ता मायकेल पॅटरसन. आणि ही फिल्म होती विद्यार्थीदशेतली.

८/ पॅटरसन शिकत होते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स, अर्थात ‘कॅलआर्ट्स’मध्ये. १९६१ मध्ये वॉल्ट डिस्नी यांच्या पुढाकाराने एक चित्रकला शाळा आणि एक संगीतशाळा एकत्र करून ही संस्था उभी राहिली. तेथे प्रयोगशील ॲनिमेशनचा विभाग ज्यूल्स एंगेल यांनी घडवला. मोठ्या स्टुडिओची नोकरी मिळवून देणे हा त्या विभागाचा हेतू नव्हता. चित्रकाराने स्वतःची रेषा शोधावी आणि ती हलती करून पाहावी, ही तेथली शिकवण होती.

९/ ‘कम्यूटर’ची रेषा पेन्सिलीची होती. काळी-पांढरी, घाईने काढलेल्या स्केचसारखी, जागोजागी तुटलेली. पण माणसांच्या हालचाली मात्र थक्क व्हावे इतक्या खऱ्या. हा परिणाम साधण्यामागे एक जुने तंत्र होते : रोटोस्कोप. आधी खऱ्या माणसांचे चित्रण करायचे. मग ती फिल्म एकेक फ्रेम करून काचेवर उमटवायची आणि तिच्यावर कागद ठेवून हाताने गिरवायची. सेकंदाला चोवीस फ्रेम. गिरवून झालेले कागद पुन्हा ओळीने छायाचित्रित केले की चित्र माणसासारखे चालू लागते.

१०/ या तंत्राचा जनक मॅक्स फ्लायशर. क्राकोहून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा, पुढे ‘पॉप्युलर सायन्स मंथली’ या नियतकालिकाचा कलासंपादक. त्या काळची ॲनिमेशनची पात्रे झटके खात हलत. यावर उपाय म्हणून त्याने १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला. १९१७ मध्ये ते मिळाले. भाऊ डेव्ह याला विदूषकाचा पोशाख घालून उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि मग ते एकेक फ्रेम गिरवून काढले. त्यातून एक हलता विदूषक जन्माला आला.

११/ याच विदूषकाची पुढे ‘आउट ऑफ द इंकवेल’ ही मालिका झाली. तिची कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे. खरा चित्रकार खऱ्या टेबलाशी बसलेला असतो. दौतीतून विदूषक बाहेर येतो, कागदावरून उतरून खऱ्या जगात धुमाकूळ घालतो आणि शेवटी पुन्हा दौतीत परततो. कागद आणि जग यांच्यामधली सीमा ओलांडणारे पात्र हे १९१८ च्या सुमारासच पडद्यावर अवतरले होते. सत्तर वर्षांच्या आत त्याच सीमेवर एक प्रेमकथा घडणार होती.

१२/ मधल्या काळात रोटोस्कोपला थोडी बदनामीही आली. डिस्नीने १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी खऱ्या नटांच्या चित्रणाचा आधार घेतला, पण जाणकारांत असा सूर उमटू लागला की गिरवणे म्हणजे नक्कल, त्यात चित्रकाराची कल्पकता कोठे? पॅटरसन यांच्या फिल्मने या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले. हालचाल खऱ्या माणसाची ठेवायची, पण रेषा मात्र चित्रकाराची. कोणती रेषा काढायची आणि कोणती सोडायची, याची निवड हीच तेथे कला ठरते.

१३/ तंत्रातली आणखी एक बाब पुढे फार मोलाची ठरली. प्रत्येक फ्रेम हाताने नव्याने गिरवली जात असल्याने मागच्या आणि पुढच्या फ्रेममधल्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे पात्र स्थिर उभे असले तरी त्याची रेषा थरथरत राहते. मोठे स्टुडिओ ही थरथर दोष मानून काढून टाकत. पेन्सिलीच्या त्या थरथरीमुळे मात्र पात्राचे अस्तित्वच डळमळीत वाटते. जणू कोणत्याही क्षणी ते पुसले जाईल. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची कथा उलगडते.

१४/ एखादा लहान प्रयोग पुढे मोठ्या निर्मितीचे दार उघडतो, याचे उदाहरण मराठी वाचकाला परके नाही. दादासाहेब फाळके लंडनहून परतले तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा घालायला कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत बी पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. त्या ‘अंकुराच्या वाढी’ने भांडवल मिळवून दिले आणि ३ मे १९१३ रोजी चित्रपट लोकांपुढे आला. पॅटरसन यांची विद्यार्थी-फिल्म अशीच एक कुंडी होती. फरक एवढाच की ती कोणाला पटवण्यासाठी लावलेली नव्हती.

१५/ आता दिग्दर्शकाची निवड. स्टीव्ह बॅरन हे तरुण असूनही या क्षेत्रात मुरलेले नाव. ‘ह्यूमन लीग’चे ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ आणि मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ या चित्रफिती त्यांच्याच. चित्रपटासारखी कथा तीन-चार मिनिटांत बसवण्याची त्यांची हातोटी होती. त्यांच्यापुढे ठेवलेले साहित्य असे : एक गाणे, तीन चेहरे, आणि पेन्सिलीची एक शैली. शैली हाती होती, कथा नव्हती. पेन्सिल का, याचे कारण आधी शोधणे भाग होते.

१६/ याच टप्प्यावर बहुतेक प्रकल्प घसरतात. आकर्षक तंत्र हाती आले की ते कोठेतरी चिकटवण्याचा मोह होतो. बॅरन यांना जी प्रतिमा सुचली तिने हा धोका टळला : चित्रकथेच्या पानातून एक रेखाटलेला हात बाहेर येतो आणि वाचणाऱ्या मुलीपुढे धरला जातो. ‘मला स्वीकार’ हा गाण्याचा गाभा आणि ‘हात पुढे करणे’ ही दृश्यकृती येथे एक झाली. पेन्सिल आता सजावट उरली नाही. ती नायकाचा तुरुंग झाली.

१७/ त्या एका प्रतिमेतून कथा विणली गेली. लंडनच्या कॅफेत एक तरुणी मोटारसायकल शर्यतीची चित्रकथा वाचत बसली आहे. पानातला विजेता तिला डोळा मारतो, हात पुढे करतो, ती पानात शिरते. इकडे कॅफेतल्या बाईचा समज होतो की गिऱ्हाईक पैसे न देता पळाले. ती चित्रकथा चुरगळून टोपलीत टाकते. कागद चुरगळला की आतले जगही चुरगळते. प्रतिस्पर्धी दोघे पाना उगारून मागे लागतात. नायक कागदाची भिंत फाडून तिला बाहेर काढतो आणि स्वतः आतच राहतो.

१८/ शेवट घडतो तरुणीच्या घरी. तिने टोपलीतून उचलून आणलेल्या पानातून नायक बाहेर पडू पाहतो. अरुंद बोळात भिंतींवर आदळत तो क्षणात पेन्सिलीचा, क्षणात हाडामांसाचा होत राहतो. या प्रसंगामागची प्रेरणा केन रसेल यांच्या १९८० च्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटात आहे. त्याच्या अखेरीस नायक असाच भिंतींवर देह आपटत आपले मनुष्यरूप परत मिळवतो. भयपटाच्या जातीचा प्रसंग प्रेमकथेत आणून बसवणे, हे पूर्वसुरींच्या अभ्यासाचे फळ होय.

१९/ संशोधन म्हणजे आंतरजालावरून चित्रे गोळा करणे नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. या चित्रफितीत चार प्रवाह एकत्र आले आहेत : फ्लायशरचे १९१५ चे तंत्र, कागद-जग सीमा ओलांडण्याची मूकपटकालीन परंपरा, विद्यार्थी-फिल्ममधली पेन्सिल-शैली आणि पाच वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचा शेवट. प्रत्येक घटक जुना, पण त्यांची जुळणी नवी. आणि त्या जुळणीचा निकष एकच होता : गाणे काय म्हणते?

२०/ आता नियोजन. खऱ्या नटांचे चित्रण लंडनमध्ये, कॅफेत आणि स्टुडिओत झाले. पण हे चित्रण म्हणजे अंतिम दृश्य नव्हते. तो चित्रकारासाठी तयार केलेला कच्चा माल होता. कोणता भाग गिरवला जाणार, कोणता जसाच्या तसा राहणार, सीमा नेमकी कोठून जाणार, हे आधी ठरल्यावाचून कॅमेरा कोठे ठेवायचा हेच ठरवता येत नव्हते. अशा कामात स्टोरीबोर्ड हा सोपस्कार नसतो. तो दिग्दर्शक आणि चित्रकार यांच्यातला करार असतो.

२१/ याची खरी कसोटी एका प्रसंगात दिसते. चित्रकथेच्या जगात नायक आणि तरुणी एका चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहतात. चौकटीतून पाहिले की समोरचा माणूस खरा दिसतो. चौकटीबाहेर तोच पेन्सिलीचा. दोघे फिरतात, तशी खऱ्या-खोट्याची बाजू पालटत राहते. एकाच फ्रेममध्ये अर्धे छायाचित्र आणि अर्धे रेखाटन, तेही हलते आणि एकमेकांना अचूक जुळणारे. संगणक हाताशी नसताना हा मेळ आधीच्या आखणीवरच अवलंबून होता.

२२/ मग सुरू झाले पॅटरसन आणि त्यांच्या सहकारी कँडेस रेकिंजर यांचे काम. सुमारे ३,००० फ्रेम गिरवाव्या लागल्या आणि त्याला १६ आठवडे लागले. हिशेब करून पाहावा. १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस. दिवसाला सरासरी २७ फ्रेम. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या, तर पूर्ण दिवसभराच्या श्रमातून पडद्यावरचा जेमतेम एक सेकंद तयार होत होता. ज्या काळात चित्रफिती दोन-तीन दिवसांत चित्रित करून आठवड्याभरात संकलित होत, त्या काळात ही सबुरी विलक्षणच म्हणावी लागेल.

२३/ या हिशेबातून नियोजनाचे खरे मोल समजते. दिवसाला एक सेकंद या गतीने काम चालले असता दहा सेकंदांचा एखादा प्रसंग संकलनात वगळावा लागला, तर दहा दिवस वाया जातात. म्हणून निर्णय आधीच घ्यावे लागतात : कोणता क्षण किती सेकंदांचा, कोठे कापायचा, कोणत्या सुरावर हात पुढे येणार. कागदावर घेतलेला निर्णय खोडायला एक मिनिट पुरते. गिरवून झालेला निर्णय खोडायला आठवडा जातो.

२४/ फळ काय मिळाले ते सर्वज्ञात आहे. एमटीव्हीवर चित्रफीत वारंवार झळकू लागली आणि गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या ब्रिटनने दोनदा पाठ फिरवली होती, तेथे तिसऱ्या प्रयत्नात ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९८६ च्या एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक पुरस्कारांत या एका चित्रफितीने सहा पुरस्कार पटकावले. त्यांत उत्तम दिग्दर्शन, उत्तम संकल्पना, सर्वाधिक प्रयोगशील चित्रफीत आणि प्रेक्षकांची निवड यांचा समावेश होता.

२५/ त्या रात्री एक योगायोगही घडला. वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार गेला ‘डायर स्ट्रेट्स’च्या ‘मनी फॉर नथिंग’ला. तिचे दिग्दर्शकही स्टीव्ह बॅरनच. ती घडली होती संगणकावर. ठोकळ्यांसारखी त्रिमित माणसे हे त्या काळचे नवल होते. एकाच दिग्दर्शकाच्या एका हाती नवेकोरे यंत्र आणि दुसऱ्या हाती सत्तर वर्षे जुनी पेन्सिल. दोन्ही यशस्वी झाल्या, कारण दोन्हींत तंत्राची निवड गाण्याच्या आशयावरून झाली होती.

२६/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘चित्रफितीमुळे गाणे गाजले’ हे विधान अर्धेच खरे आहे. टार्नी यांचे नवे ध्वनिमुद्रण निःसंशय अधिक भरदार होते. हार्केटचा आवाज आणि चेहरा हे स्वतंत्र भांडवल होते. एमटीव्हीचा सुवर्णकाळ ही अनुकूल वेळ होती. कंपनीने तिसऱ्यांदा पैसा लावण्याची तयारी दाखवली, हेही कारणच. घटना एका कारणाने घडत नाही. कारणांच्या साखळीत कोणती कडी गळाली असती तर काय झाले असते, हे पाहावे लागते.

२७/ तशी तपासणी केली तर एक पुरावा बोलका ठरतो. १९८५ मध्ये टार्नी यांचे ध्वनिमुद्रण, तोच गायक आणि तेच चेहरे घेऊन गाणे ब्रिटनमध्ये आले होते आणि पडले होते. पुढच्या प्रयत्नात ठळकपणे बदललेली गोष्ट होती नवी चित्रफीत. अमेरिकेतील यशाची हवाही तोवर सोबतीला आली होती हे खरे; पण ते यशदेखील बव्हंशी चित्रफितीच्याच पाठीवर बसून आले होते. साखळीतील निर्णायक कडी कोणती, याचा कौल यावरून देता येतो.

२८/ या यशात एक अन्यायही दडलेला आहे. एमटीव्हीवर चित्रफितीच्या कोपऱ्यात जी पाटी येई, तिच्यावर कलावंत, गाणे, अल्बम आणि कंपनी एवढीच नावे असत. दिग्दर्शकाचे नाव तेथे येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. ॲनिमेशन करणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. ज्या हातांनी सुमारे तीन हजार फ्रेम गिरवल्या, त्यांची नावे कोट्यवधी प्रेक्षकांना कधी कळलीच नाहीत. म्हणून पडद्यामागच्या नोंदी जपून ठेवणे हे केवळ परीक्षेपुरते काम नाही. श्रेय कोणाचे, याचा तोच कागदोपत्री पुरावा असतो.

२९/ पॅटरसन आणि रेकिंजर पुढे थांबले नाहीत. पॉला अब्दुलच्या ‘ऑपोझिट्स ॲट्रॅक्ट’ची चित्रफीत त्या दोघांनी दिग्दर्शित केली; तिच्यात खरी नर्तकी आणि रेखाटलेला बोका एकत्र नाचतात. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे दोघेही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिनेमा विद्यालयात अध्यापन करू लागले. ज्याच्या विद्यार्थी-प्रयोगातून ही कथा सुरू झाली, तो अशा रीतीने पुन्हा विद्यार्थ्यांमध्येच परतला.

३०/ दरम्यान चित्रफीत हा शालेय अभ्यासाचा विषय झाला. ब्रिटनमध्ये ‘ओसीआर’ या परीक्षा मंडळाच्या २००८ पासून शिकवल्या गेलेल्या ए-लेव्हल माध्यम-अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना म्युझिक व्हिडिओ आणि त्याच्या जोडीला अल्बमचे वेष्टन, जाहिरात अशा पूरक वस्तू तयार करण्याचा पर्याय होता. शंभरपैकी वीस गुण केवळ संशोधन आणि नियोजनाला राखून ठेवलेले होते. पूर्वीच्या चित्रफितींचे विश्लेषण, स्टोरीबोर्ड, स्थळांची रेकी, वेळापत्रक हे सारे त्यात येई. पुष्कळ मुले ते चित्रण झाल्यावर, गुणांसाठी मागाहून लिहून काढत.

३१/ मागाहून लिहिलेले नियोजन आणि आधी केलेले नियोजन यांतला फरक ‘टेक ऑन मी’च्या दोन चित्रफितींत दिसतो. पहिलीतही कॅमेरा होता, प्रकाश होता, तेच कलावंत होते. दुसरीत त्यांच्या आधी तीन प्रश्न विचारले गेले होते. हे गाणे नेमके काय मागते? ते दाखवण्याचे प्रयत्न याआधी कोणी, कसे केले? आणि जे ठरले ते पार पाडायला किती दिवस, किती हात लागतील? या प्रश्नांना भारी कॅमेरा लागत नाही. वही, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते.

३२/ फेब्रुवारी २०२० मध्ये यूट्यूबवर या चित्रफितीने शंभर कोटी दर्शनांचा टप्पा ओलांडला. ‘कम्यूटर’ ही विद्यार्थी-फिल्म मात्र त्या तुलनेत फार थोड्यांनी पाहिली असेल. १९८१ मध्ये ती गिरवत असताना पॅटरसन यांच्यापुढे ना ‘आ-हा’ होते, ना वॉर्नर. होती ती फक्त हलती रेषा नीट समजून घेण्याची असोशी. चार वर्षांनी एका पडलेल्या गाण्याला तीच उपयोगी पडली. वर्गातला प्रयोग कधी, कोणाच्या कामी येईल हे करतेवेळी कळत नाही. म्हणून तो नोंदीसकट, जपून ठेवण्याजोगा करावा.

(थ्रेड समाप्त)